सिंदखेड राजा येथील जाधवरावांचा वाडा : त्याची वास्तु व तिचें रक्षण

बुलढाणा जिल्ह्यांतील सिंदखेड राजा ह्या गांवीं लखुजी जाधवरावांचा जो राजवाडा आहे, त्याची ख्याति जिजाबाईसाहेबांचें जन्मस्थान म्हणून आहे, आणि ती यथार्थच आहे. परंतु ह्या एकाच ख्यातीपायीं वाड्याचें एक नुकसानहि झालें आहे. यात्रेकरू ज्या दालनांत हात जोडतो तेवढेंच दालन त्याला वाडा वाटतें. बाकीच्या भिंती, जोतीं, दरवाजा, तळघरें हीं त्या दालनाकडे जाण्याची निव्वळ वाट होऊन बसतात. इतिहासाच्या अभ्यासकास मात्र वाडा समग्र हवा असतो. सोळाव्या शतकाच्या अखेरीस व सतराव्याच्या आरंभीं मराठे सरदार कसे राहात होते हें सांगणारे कागद थोडे आहेत. जें कागद सांगत नाहींत तें सांगण्याचें सामर्थ्य ह्या दगडविटांत आहे. वाडा हा एक दस्तऐवज आहे, आणि कोणत्याहि अस्सल दस्तऐवजाप्रमाणेंच त्याचें वाचन, त्याची नक्कल आणि त्याचें जतन व्हावयास पाहिजे, एवढेंच प्रस्तुत लेखांत मांडावयाचें आहे.

सिंदखेडकर जाधव आपला वंश देवगिरीच्या यादवांपर्यंत नेतात. ह्या भागांतील देऊळगांव राजा, किनगांव राजा, आडगांव राजा ह्या गांवांच्या नांवांमागें लागलेलें 'राजा' हें पद त्यांच्याच सत्तेची खूण आहे. लखुजी हे निजामशाहींतील अग्रगण्य सरदार. इ. स. १६२१ च्या सुमारास ते मोगलांस मिळाले. १६२४ च्या भातवडीच्या लढाईंत ते मोगलांच्या बाजूस होते आणि त्यांचे जांवई शहाजीराजे निजामशाहीच्या बाजूस होते. पुढें ते पुन्हां निजामशाहींत परतले. ता. २५ जुलै १६२९ रोजीं दौलताबादेस दरबारांत त्यांचा घात झाला. त्यांच्याबरोबर अचलोजी व राघोजी हे पुत्र आणि यशवंतराव हा नातू हेहि मारले गेले. मागें राहिलेले बहादुरजी, जगदेवराव आदि जाधव मोगलांकडे गेले व त्यांना शहाजहानानें मनसबी दिल्या. म्हणजे सिंदखेडचा वाडा एका पिढींत निजामशाही सरदाराचा, नंतर मोगली मनसबदाराचा, व पुढें आसफजाही जहागीरदाराचा झाला. ही उलाढाल वाड्याच्या बांधणीकडे पाहतांना नेहमीं ध्यानांत ठेविली पाहिजे. दीडदोनशें वर्षें ज्या घरांत माणसें सत्ता भोगीत राहिलीं, तें घर पहिल्या धन्यानें बांधलें तसेंच्या तसें राहात नसतें.

जन्मतिथीविषयीं येथेंच दोन शब्द लिहिणें अवश्य आहे. जिजाबाईंचा जन्म पौष शुद्ध पौर्णिमा, शके १५१९ रोजीं झाला असें मानतात व त्याची इंग्रजी तारीख १२ जानेवारी १५९८ देतात. ही तारीख जुन्या, म्हणजे ज्युलियन पद्धतीची आहे. सध्यांच्या ग्रेगोरियन पद्धतीनें ती पौर्णिमा २२ जानेवारीस येते. उत्सवाच्या दृष्टीनें दहा दिवसांच्या ह्या फरकास महत्त्व नाहीं. दर वर्षीं १२ जानेवारीस सिंदखेडास जो प्रचंड समुदाय लोटतो त्याला पंचांग-शुद्धीशीं कर्तव्य नसतें, व नसावेंहि. परंतु तिथि आणि तारीख ह्यांचा मेळ घालणाऱ्यानें ती जुनी तारीख आहे हें विसरूं नये.

ह्या जन्मतिथीचा दुसऱ्या एका प्रसिद्ध कथेशीं जो विरोध येतो तो अधिक महत्त्वाचा आहे, कारण ती कथा सिंदखेडच्या एका इमारतीस चिकटली आहे. रंगपंचमीच्या दिवशीं मालोजीराजे लहानग्या शहाजीस घेऊन जाधवरावांकडे आले. दोघां मुलांनीं एकमेकांवर रंग उडविला. जाधवरावांनीं सहज विनोदानें जोडा शोभतो असें म्हटलें. मालोजींनीं तो शब्द पक्का धरला. उत्तरकालीन बखरींतील ही कथा ग्रँट डफनें १८२६ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या इतिहासांत घेतली व तिला १५९९ हें साल दिलें. सिंदखेडास रंगमहाल म्हणून जी इमारत दाखवितात ती ह्या प्रसंगाची जागा होय असें तेथील लोक सांगतात. आतां जन्म १५९८ च्या जानेवारींतला धरला तर १५९९ च्या शिमग्यांत जिजाबाई अवघ्या चौदा महिन्यांच्या होतात, आणि चौदा महिन्यांचें मूल रंगाची मूठ भरून नेम धरून उडवील हें संभवत नाहीं. तेव्हां तिथि खरी मानावयाची तर कथेचें साल सोडावें लागतें, आणि सालासकट कथा खरी मानावयाची तर तिथि मागें न्यावी लागते. आमच्या मतें साल सोडणें हेंच सयुक्तिक. पण कथा कोणत्याहि सालची असो, तिच्या आधारावर रंगमहालाचें वय ठरवितां येणार नाहीं. इमारतीचें वय इमारतीनेंच सांगावें लागतें.

आतां वाड्याकडे वळूं. आज जें उभें दिसतें त्यांत सर्वांत भारदस्त भाग दर्शनी दरवाज्याचा. उंच कमानीचा दरवाजा, त्यावर नगारखान्याची बैठक, आणि दोहों बाजूंस भरभक्कम बांधकाम. आंत गेल्यावर मात्र चित्र पालटतें. जोतीं आहेत, भिंतींचे निरनिराळ्या उंचीचे भाग आहेत, तळघरें आहेत, म्हाळसा महाल ह्या नांवानें ओळखला जाणारा जन्मस्थळाचा भाग आहे. परंतु ज्यामुळें घर घर होतें तें लांकूडकाम आणि छप्पर नाहींसें झालें आहे. पुण्यास शनिवारवाडा पाहिलेल्या वाचकास हा देखावा अपरिचित वाटणार नाहीं. तेथेंहि दरवाजा व तट उभे आणि आंत केवळ जोतीं, अशीच स्थिति आहे. फरक इतकाच कीं, शनिवारवाडा १८२८ सालच्या आगींत गेला. सिंदखेडचा वाडा हळूहळू झडत गेला.

हें झडणें कसें होतें तें समजण्यास देशावरील वाड्याची बांधणी ध्यानीं घ्यावी लागते. पाया व जोतें काळ्या दगडाचें, वरचा भाग चुन्यांतील विटांचा, आणि मजल्यांचा सगळा भार सागवानी खांब व तुळयांवर. दोन खांबांमधील अंतर म्हणजे खण. वाड्याचें मोजमापच खणांत होत असे. दरवाज्याला लागून पहारेकऱ्यांची देवडी, पुढें चौक, चौकाभोंवतीं सोपे, एका अंगास कारभाराची सदर, आणि आंतल्या चौकांत माजघर, देवघर, कोठी. वऱ्हाड आणि मराठवाडा ह्या कमी पावसाच्या प्रदेशांत वरतीं कौलांऐवजीं मातीचें धाबें घालीत. धाब्याला दर पावसाळ्यापूर्वीं हात लावावा लागतो. ती राबती माणसें गेलीं कीं दोनतीन पावसांतच माती भिजते, कडीपाट कुजतो, आणि धाबें आंत बसतें. नंतर गांवकरी सागवान उचलून नेतात, व त्यांना दोष देण्यांत अर्थ नाहीं. पडक्या घराचें लांकूड दुसऱ्या घरास लावणें ही आपल्याकडील जुनीच रीत आहे. उघड्या पडलेल्या विटांवर पाऊस पडूं लागला कीं भिंतीचा माथा फुटतो, आणि अखेर दगड तेवढा राहतो. म्हणून आज जीं जोतीं दिसतात त्यांवरून सोपे कोठें, चौक किती, सदर कोणती, देवडी कोणती हें जाणत्या माणसास मापें घेऊन बरेंचसें उभें करतां येईल. खांबांच्या उथळ्यांमधील अंतर मोजलें तर खण कळतो. खण कळला तर दालनाची लांबीरुंदी कळते. भिंतींत तुळयांचीं भोंकें राहिलीं असल्यास मजल्याची उंची कळते. ह्या वाचनास कोणत्याहि बखरीची गरज नाहीं.

बांधणीची रीत कोणती, ह्याचेंहि उत्तर भिंतींतच पाहावें. लखुजींचा काळ म्हणजे निजामशाही वास्तुकलेच्या भरभराटीचा काळ. अहमदनगरचा फराहबाग १५८३ सालीं पुरा झाला; खडकी येथें मलिक अंबरानें १६१२ सालीं भडकल दरवाजा उभा केला. टोकदार कमान, चुन्याचा गुळगुळीत गिलावा, दगडावर वीट ही रचना ह्या साऱ्या प्रदेशाची समाईक मिळकत होती. ती हिंदूंची कीं मुसलमानांची असा वाद घालणें त्या काळच्या गवंड्यास हास्यास्पद वाटलें असतें. ह्याचें सर्वांत उत्तम प्रमाण सिंदखेडासच आहे. लखुजी व त्यांचे पुत्र-नातू यांची जी समाधि गांवीं आहे, ती १६२९ च्या घातानंतरची, तेव्हां तिच्या काळाविषयीं निदान एक मर्यादा निश्चित आहे. ती घुमटाची, भव्य चौरस इमारत आहे. आकार दक्षिणेंतील मकबऱ्यांचा आणि आंतील स्मृति हिंदु क्षत्रियांची. वाड्याच्या कमानी व समाधीच्या कमानी, वाड्याची वीट व समाधीची वीट ह्यांचीं मापें शेजारीं ठेवून पाहिलीं, तर वाड्याचा कोणता भाग समाधीच्या काळाशीं जुळतो आणि कोणता त्याच्या अलीकडचा हें ठरविण्याची एक कसोटी हातीं येते.

वाडा एकटा नाहीं, ही गोष्ट तितक्याच महत्त्वाची. मोती तलाव व त्याची किल्ल्याच्या तटासारखी भिंत, मध्यें मजल्यांची इमारत असलेला चांदणी तलाव, मूर्तिकामानें नटलेली पुतळा बारव, सजना बारव, काळा कोट, सावकारवाडा, रंगमहाल, नीलकंठेश्वराचें व त्याहून पुरातन असें रामेश्वराचें देऊळ, हीं सर्व मिळून एका देशमुखी ठाण्याचें पुरें अंग होतें. पाणी, पूजा, बचाव, कारभार आणि मरणोत्तर स्मृति, प्रत्येकास आपली जागा. काळा कोट परंपरेनें जगदेवराव जाधवांकडे लावतात. महाराष्ट्रांत गढ्या पुष्कळ आहेत. परंतु गढी, तलाव, बारवा, देवळें व समाधि एका गांवीं इतक्या संख्येनें उरलेलीं स्थळें विरळा. भोसल्यांच्या वेरूळास मालोजींच्या गढीचीं जोतीं उत्खननानें उघडीं झालीं आहेत, आणि व्याह्यांच्या ह्या दोन घरांची तुलना करणें हा एक स्वतंत्र व मनोरंजक विषय होईल.

जिजाबाईंच्या चरित्राशीं तीन घरें निगडित आहेत. सिंदखेडास त्या जन्मल्या. पुण्याच्या लाल महालांत त्यांनीं शिवाजीमहाराजांस वाढविलें. आणि रायगडाखालीं पाचाडच्या वाड्यांत, राज्याभिषेकानंतर अकरा दिवसांनीं, ता. १७ जून १६७४ रोजीं त्यांनीं देह ठेविला. ह्यांपैकीं मूळचा लाल महाल आतां नाहीं. त्या नांवाची हल्लींची इमारत पुणें महानगरपालिकेनें १९८८ सालीं पुरी केलेली आहे. पाचाडास कोट, विहिरी व जोतीं राहिलीं आहेत. म्हणजे ज्या घराच्या भिंती अद्याप डोक्याच्या वर उभ्या आहेत असें त्यांच्या आयुष्यांतील घर सिंदखेडचेंच. हें ध्यानीं घेतलें म्हणजे ह्या भिंतींच्या प्रत्येक वितीचें मोल निराळेंच वाटूं लागतें.

वाडा वैभवांतून उतरला कसा, ह्याची हकीकत थोडक्यांत अशी. १७२४ सालीं सिंदखेडच्या जवळच साखरखेर्डा येथें निजामुल्मुल्कानें मुबारिझखानाचा मोड करून दक्षिणेंत आपली स्वतंत्र सत्ता बसविली. १७५७ च्या डिसेंबरांत तर लढाई सिंदखेडच्याच वेशीवर आली. निजामाच्या पदरीं असलेले रामचंद्र जाधव यांस दत्ताजी शिंद्यांनीं सिंदखेडांत कोंडलें. त्यांच्या मदतीस निजामअली धांवून आला. विश्वासरावांच्या नांवानें चाललेल्या ह्या मोहिमेंत मराठ्यांस पंचवीस लाखांचा मुलूख व नळदुर्ग मिळाला. पेशवे दप्तराचे जे ४५ खंड सरदेसायांनीं १९३० ते १९३४ ह्या काळांत प्रसिद्ध केले, त्यांतील ह्या मोहिमेचे कागद सिंदखेडच्या स्थलवर्णनाच्या दृष्टीनें पुन्हां एकदां चाळावे असें आहेत. वेढ्याच्या पत्रांत तट, दरवाजे, पाणी यांचे उल्लेख ओझरते येतच असतात. १८०४ च्या आरंभीं जनरल वेलस्ली ह्या भागांतून गेला तेव्हां त्यानें सिंदखेडास चोरांचें घरटें म्हटलें व उपासमारीनें लोक शेंकड्यांनीं मरत असल्याचें लिहिलें. शेवटचा घाव १८५१ सालचा. देऊळगांवकर जाधवांच्या निशाणाखालीं अरब शिबंदी हैदराबाद कंटिंजंटशीं लढली. घराण्याचे प्रमुख बाजीराव यांस त्याबद्दल जबाबदार धरून त्यांची वंशपरंपरागत मिळकत जप्त झाली, आणि १८५६ सालीं ते औरंगाबादेस राजबंदी असतांनाच वारले. ज्या धाब्यास दर साल हात लावावा लागतो, तो हात येथें थांबला.

आतां कायद्याकडे. हिंदुस्थानांत पुराणवास्तूंच्या रक्षणाचा पहिला व्यापक कायदा लॉर्ड कर्झनच्या कारकीर्दींत १९०४ सालीं झाला. तत्पूर्वीं १८९७ सालीं हेन्री कझिन्स यांनीं मध्यप्रांत व वऱ्हाड येथील पुराणावशेषांची यादी प्रसिद्ध केली होती. वऱ्हाड त्या वेळीं नांवानें निजामाचें व कारभारानें इंग्रजांचें, १९०२ च्या करारान्वयें कायमच्या पट्ट्यानें घेतलेलें, असें होतें. देवळें व लेणीं ह्यांवर त्या पिढीच्या संशोधकांची दृष्टि प्रथम जाई. राहत्या घरांकडे ती क्वचित् वळे. स्वातंत्र्यानंतर केंद्राचा कायदा १९५८ सालीं झाला व महाराष्ट्र राज्याचा १९६० चा. सिंदखेडास ह्या दोन कायद्यांची वांटणी झालेली दिसते: राजवाडा राज्याच्या पुरातत्त्व खात्याकडे, तर लखुजींच्या समाधीचें काम भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या नागपूर मंडळाकडे. बापाचें घर एका खात्याकडे आणि त्याची समाधि दुसऱ्याकडे, असा हा प्रकार आहे. दोन्ही खातीं आपापलें काम करितात. परंतु वाडा, तलाव, बारवा व समाधि हा एकच लेख आहे, तो दोन हातांनीं दोन तुकड्यांत वाचला जाऊं नये.

ह्या बाबतींत फ्रान्स देशाचें उदाहरण उपयोगी पडेल. तिकडे सरदार व सावकार यांच्या शहरांतील वाड्यांस 'ओतेल' म्हणतात. वाचकांनीं त्याचा अर्थ उपाहारगृह असा करूं नये. रस्त्यावर मोठा दरवाजा, आंत चौक, मग घर, आणि घरामागें बाग अशी त्यांची रचना. आपल्या वाड्यांतील देवडी-चौकाशीं तिचें साम्य कोणाच्याहि ध्यानीं येईल, जरी तिकडचें घर चौकाच्या पलीकडे एका पट्टींत बसतें आणि आपलें घर चौकास चारी अंगांनीं वेढतें. पॅरिसमधील ओतेल द सुली हा असाच वाडा १६३० च्या सुमारास पुरा झाला, म्हणजे दौलताबादेस लखुजींचा घात झाला त्याच वेळीं. पुढें त्याचेहि दिवस फिरले. भाडेकरू, दुकानें, मागाहून घातलेलीं बांधकामें ह्यांनीं तो भरून गेला. १८६२ सालीं तो स्मारकांच्या यादींत आला, १९४४ सालीं सरकारनें तो विकत घेतला, आणि पुढें मागाहूनच्या भरी काढून टाकून त्याची दुरुस्ती झाली. राष्ट्रीय स्मारकांचें खातें आज त्याच वाड्यांत बसतें. फ्रान्सच्या ३१ डिसेंबर १९१३ च्या कायद्यानें खासगी मालकाच्या घरासहि सार्वजनिक हितासाठीं संरक्षित ठरविण्याचा अधिकार सरकारास दिला. १९४३ सालीं स्मारकाभोंवतालच्या पांचशें मीटरांतील बांधकामावर नजर ठेवण्याचें ठरलें. आणि १९६२ सालीं तर शहराचे सबंध जुने भाग संरक्षणाखालीं घेण्याची तरतूद झाली. घर, मग घराचा परिसर, मग सारी वस्ती, अशी ही तीन पावलें आहेत. आपल्याकडे केंद्राच्या स्मारकांभोंवतीं शंभर मीटरपर्यंत नवें बांधकाम निषिद्ध व त्यापुढील दोनशें मीटरांत नियंत्रित, ही मर्यादा १९९२ पासून चालत आली व २०१० सालीं कायद्यांतच घातली गेली. सिंदखेडास तिसऱ्या पावलाची गरज आहे. वाड्याच्या पुढून मोठा रस्ता जातो. डिसेंबर १९२२ मध्यें नव्हे तर अगदीं अलीकडे, डिसेंबर २०२२ मध्यें, नागपुराहून येणारा समृद्धि महामार्ग ह्या भागांतून खुला झाला, आणि गांवाकडे येणारी वर्दळ वाढणारच.

परंतु बाहेरच्या गर्दीपेक्षां आंतल्या दुरुस्तीची आम्हांस अधिक काळजी वाटते. विकास आराखडा हा शब्द गेल्या दशकांत सिंदखेडच्या संबंधानें वारंवार ऐकूं आला आहे. यात्रेकरूंस सावली, पाणी व चालण्यास वाट पाहिजे, हें कोणीहि कबूल करील. धोका आहे तो वाडा 'पूर्वीसारखा' करून दाखविण्याच्या मोहांत. ज्यांनीं पोथ्या चाळल्या आहेत त्यांना हा मोह चांगला ओळखीचा आहे. लेखकू मूळ ओळ तुटलेली पाहतो, स्वतःच्या कल्पनेनें ती जुळवितो, आणि पुढच्या नकलेंत त्याची भर मूळ ग्रंथकाराच्या नांवावर जमा होते. मग क्षेपक काढण्यांत विद्वानांचीं आयुष्यें जातात. वाड्याच्या भिंतीवर घातलेली नवी कमान, नवा गिलावा, नवी मेघडंबरी हीहि क्षेपकेंच. फरक एवढाच कीं पोथीच्या दहा प्रति असतात, वाड्याची प्रत एकच. जॉन मार्शल यांच्या १९२३ सालच्या दुरुस्ती-नियमावलींत हाच विवेक आहे, आणि १९६४ सालच्या व्हेनिसच्या सनदेनें तर जेथें तर्क सुरू होतो तेथें पुनर्बांधणी थांबावी व नवें काम जुन्याहून वेगळें ओळखूं यावें असा स्पष्ट दंडक घातला आहे.

सामग्रीचाहि प्रश्न तसाच. चुन्याच्या भिंतीस सिमेंट लावणें हा सर्वत्र बोकाळलेला दोष होय. सिमेंट चुन्यापेक्षां कठीण व पाणी अडविणारें. भिंतींतील ओल बाहेर पडावयास सांध्यांतून वाट मिळाली नाहीं म्हणजे ती विटेंतून निघते. तिच्याबरोबर क्षार वर येतात. आणि कांहीं वर्षांनीं सिमेंटची जाळी तेवढी टिकून मधली वीट पीठ होऊन गळते. घाणींत मळलेला चुना, त्यांत गूळ, बेलफळाचा गर, हिरडा, ही जुनी कृति जाणणारे कारागीर अजून मिळतात; मजुरी अधिक पडते व वेळ अधिक लागतो, एवढेंच. भिंतींच्या माथ्यांवर चुन्याचा थर देऊन पाणी वाहून जाईल असा उतार दिला तरी निम्में काम होतें. तें डोळ्यांत भरत नाहीं, त्याचें उद्घाटन करतां येत नाहीं, म्हणूनच तें मागें पडतें.

मातींत अजून काय दडलें आहे ह्याची चुणूक २०२४ सालीं आली. समाधीच्या डागडुजीच्या वेळीं पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या लोकांस कांहीं दगड दिसले. त्यांचा माग काढीत खोदतां एका शिवमंदिराचें जोतें लागलें, आणि पुढें सुमारें २.३ मीटर खोलीवर शेषशायी विष्णूची मूर्ति सांपडली. लांबी १.७० मीटर, उंची सुमारें १ मीटर. पायांशीं लक्ष्मी, पीठावर समुद्रमंथनाचा देखावा. विशेष हा कीं मूर्तीचा पाषाण ह्या भागांत सर्वत्र आढळणारा काळा कातळ नसून मऊ जातीचा शिस्त आहे, ज्यांत दक्षिणेकडील मूर्तिकार बारीक काम करीत. म्हणजे जाधवांच्या आधींचें सिंदखेडहि लहानसहान खेडें नव्हतें. जेथें समाधीच्या भोंवतीं एवढें निघालें, तेथें वाड्याच्या आवारांत फरशी घालण्यासाठीं वा दिव्यांचे खांब पुरण्यासाठीं खड्डे घेण्यापूर्वीं तज्ञांनीं थर पाहून नोंद करावी ही अपेक्षा अवाजवी नाहीं. एका कुदळीनें जो थर मोडतो तो पुन्हां लावतां येत नाहीं.

करावयाचें काय, तें फार खर्चाचें नाहीं. प्रथम वाड्याचा मापशुद्ध नकाशा, प्रत्येक भिंतीच्या चित्रासह. विटांचीं व दगडांचीं मापें. प्रत्येक सांध्याची नोंद, कारण दोन काळांचें बांधकाम जेथें एकमेकांस टेकतें तेथें सांधा सरळ उभा राहतो व खरा इतिहास तेथेंच वाचतां येतो. मग हाच क्रम रंगमहाल, सावकारवाडा, काळा कोट ह्यांच्या बाबतींत. हा नकाशा छापून प्रसिद्ध झाल्यावरच दुरुस्तीचा पहिला दगड हलवावा, आणि जेथें नवा दगड बसेल तेथें त्यावर साल कोरावें.

ह्याबरोबर कागदांचा शोध चालला पाहिजे, व तो भाग ह्या त्रैमासिकाच्या वाचकांचा. शनिवारवाड्याच्या मूळ बांधणीस १६,११० रुपये लागले हें आपण पेशव्यांच्या हिशेबांवरून सांगतों. सिंदखेडविषयीं तसें सांगावयाचें तर जाधवांच्या निरनिराळ्या शाखांच्या दप्तरांकडे, सिंदखेड व देऊळगांव येथील देशपांडे, कुळकर्णी, पुजारी व सावकार यांच्या घरच्या रुमालांकडे, आणि हैदराबादच्या दफ्तर-इ-दिवाणींतील फार्सी कागदांकडे वळावें लागेल. शहाजहानाच्या काळचे त्या दफ्तरांतील निवडक कागद १९५० सालीं छापून निघाले आहेतच. मनसबदारांच्या जहागिरींचा तपशील पाहणाऱ्यानें तेथून आरंभ करावा. १८५१ च्या जप्तीच्या वेळीं मिळकतीच्या याद्या झाल्या असल्या पाहिजेत. अशा यादींत वाड्याचे मजले, खण, चौक, पागा, विहिरी यांची मोजदाद असण्याचा पुष्कळ संभव असतो. बांधकामाचे रोजमेळ, चुन्या-लांकडाच्या खरेदीच्या चिठ्या, गवंडी व सुतार यांस दिलेल्या इनामांच्या सनदा, वाटणीपत्रांतील 'अमुक चौक अमक्याकडे' अशीं कलमें, हीं वरवर क्षुल्लक वाटणारीं कागदपत्रें ज्यांच्या संग्रहीं असतील त्यांनीं तीं रद्दी म्हणून टाकूं नयेत. मोडी वाचतां येत नसल्यास नुसती छायाचित्रें काढून ठेविलीं तरी चालेल. वाटणीपत्रांतील एका कलमावरून म्हाळसा महालाचा कोणता चौक कोणत्या शाखेकडे होता हें जरी कळलें, तरी नकाशावरील अर्धीं नांवें जागीं बसतील.